दर चुकीले एकच खडू

पल्लवीच्या पेपरावर मी लाल पेनाने शून्य काढलं ते इतक्या जोरात, की कागद फाटला. मला राग लवकर येतो, हे आमच्या रामाकोना गावात सगळ्यांना ठाऊक आहे. आठवीला गणित मी शिकवते आणि चांगलं शिकवते, हेही ठाऊक आहे.

पांढुर्ण्याला जिल्ह्याची गणित स्पर्धा होती. शाळेतून एकच नाव जाणार होतं आणि ते त्याच दुपारी कळवायचं होतं. माझ्या मनात पल्लवीच होती. तिचे वडील देवीदासभाऊ संत्र्याची कलमं बांधतात, आणि ही पोरगी तिथेच सावलीत बसून माझी सगळी गणितं सोडवून आणते. आणि नेमका सोप्यात सोपा प्रश्न तिने घालवला होता.

प्रश्न बागेचाच होता. एका ओळीत जितकी झाडं, तितक्याच ओळी. ओळीत दोन झाडं तर बागेत चार, तीन तर नऊ, चार तर सोळा. आलेख रैखिक, म्हणजे सरळ रेषेत जाणारा, की अरैखिक? पल्लवीने तक्ता बिनचूक भरला होता. आलेखही सुरेख काढला होता, वर वर वळत जाणारा. आणि खाली ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, ‘रैखिक’.

मी तिला स्टाफरूममध्ये बोलावलं.

“डोळे आहेत का बटणं? रेघ वाकडी दिसत नाही?”

“दिसते नं मॅडम.”

“मग रैखिक काऊन लिहिलं?”

“तुम्हीच तं सांगतलं होतं, जे सारखं वाढते ते रैखिक. हे बी सारखं वाढूनच राहिलं. थांबलं कुठं?”

आमचं गाव मध्य प्रदेशातलं. पुस्तक हिंदीतलं, मुलं घरी बोलतात मराठी. म्हणून पुस्तकातला ‘समान’ सोडून मी ‘सारखं’ शिकवलं होतं आणि त्यावरून मिरवलेही होते. माझ्या मनात सारखं म्हणजे दर वेळी तेवढंच. तिच्या मनात सारखं म्हणजे न थांबता, जसा फोन सारखा वाजतो. दोन्ही अर्थ अस्सल मराठी. चूक माझी होती आणि शून्य तिला मिळालं होतं. मला स्वतःची फार लाज वाटली.

‘सारखं म्हणजे दर वेळी तेवढंच’ एवढं सांगून तिला घेऊन मी तडक हेडमास्तर केशवराव सरांकडे गेले. ते यादीत वर्गातल्या दुसऱ्या मुलाचं, मयूरचं, नाव लिहायच्या बेतात होते.

“थांबा सर. ‘समान’ऐवजी ‘सारखं’ मी शिकवलं. चुकला तो माझा शब्द, तिचं गणित नाही. हवं तर विचारून पाहा.”

सरांनी पेन खाली ठेवलं. “ठीक आहे. बेटा, सारखं होते पण रैखिक नाही, असं काही सांग. पुस्तकातलं नको.”

पल्लवीने माझ्याकडे पाहिलं. “मॅडम रागावतील.”

“नाही रागावणार,” मी म्हणाले.

“मॅडम सारख्या रागावतात,” ती म्हणाली, “पण दर वेळी तेवढ्याच नाई. पहिली चूक झाली तं नुसतं पाहतात. दुसरीले ओरडतात. तिसरीले खडू फेकतात, अन् चौथीले अख्ख्या वर्गाले उभं करतात. आलेख काढला तं वरच वळत जाते.”

सरांनी हसू दाबलं. “अन् रैखिक कसं झालं असतं?”

“दर चुकीले एकच खडू.”

सर खो खो हसत सुटले. माझे कान तापले होते, पण पोरीचा असा अभिमान वाटला की राग यायचाच राहून गेला. मी इतकी वर्षं शिकवते आहे, पण इतकं स्पष्ट मलाही कधी सांगता आलं नव्हतं. सरांनी यादीत पल्लवीचं नाव लिहिलं.

मी पेपराचा फाटका भाग चिकटपट्टीने जोडला, शून्य खोडलं आणि पूर्ण मार्क दिले. खाडाखोड केली की बाजूला सही करावी लागते. ती मी केली, आणि सहीखाली लिहिलं, ‘चूक मॅडमची’.