एक ते तीनची झोप

पाळणाघराला तीन सरकारी खात्यांकडून पैसे मिळत. मुलं शिकतात म्हणून शिक्षण खात्याकडून, ती जेवतात म्हणून आरोग्य खात्याकडून आणि त्यांच्या आया कामावर जातात म्हणून कामगार खात्याकडून. त्यामुळे आईबापांना फी नावापुरतीच पडे. यंदा सरकारने तिन्ही पैसे एकत्र केले. खर्च खुशाल एकत्र करा, असं परिपत्रकात म्हटलं होतं. अहवालात मात्र प्रत्येक तास कोणत्यातरी एकाच खात्याच्या नावावर दाखवा, असं त्याच परिपत्रकाच्या मागच्या बाजूला होतं. म्हणजे भाजी एका पातेल्यात शिजवायची आणि वाढताना बटाटा कोणाचा, मीठ कोणाचं ते सांगायचं, असं पाळणाघराचा हिशेबनीस म्हणाला. पण ते घरी, बायकोपाशी.

सकाळचे तास शिक्षण खात्याने घेतले, जेवणाचा आरोग्य खात्याने, तीननंतरचे कामगार खात्याने. घोडं अडलं ते एक ते तीनवर. तेव्हा मुलं झोपत. झोपलेलं मूल काही शिकत नाही, असं शिक्षणवाल्यांनी कळवलं. झोप हा आजार नाही, असं आरोग्यवाले म्हणाले. कामगारवाल्यांनी विचारलं की जो जागचा हलत नाही त्याच्यावर देखरेख ती कसली? तिघांनीही काखा वर केल्यावर उरला एकच नियम: ज्या वेळेला धनी नाही, त्या वेळेची नेमणूक एक तारखेपासून बंद.

दुपारच्या त्या नेमणुकीवर हिशेबनिसाची आत्या होती. तिनेच त्याला लहानाचा मोठा केला होता. ती त्याच्याच घरी राहायची आणि रोज बाराला केस विंचरून, लग्नाला निघाल्यासारखी, पाळणाघरात यायची. तिला हे सांगायचं कसं, या विचाराने त्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

अहवाल पाचच्या आत द्यायचा होता त्या दिवशी तिन्ही खात्यांचे अधिकारी शेवटची पाहणी करायला आले, तेही दीड वाजता. आत्याने दारातच त्यांना बूट काढायला लावले. आत खोलीभर गाद्या, गाद्यांवर मुलं, पडदे ओढलेले. आरोग्याचे साहेब कुजबुजत म्हणाले की इथे तर सगळं आपोआपच चाललंय. शिक्षणाच्या बाईंनी मान डोलावली. कामगार खात्याच्या लठ्ठ साहेबांना कुजबुजणं जमत नव्हतं. ते सावकाश बोलत, पण तेवढ्याच मोठ्याने. हिशेबनीस बोट ओठांवर ठेवून त्यांच्याकडे आणि भिंतीजवळच्या गादीकडे आळीपाळीने बघत होता. त्या गादीवर भोंगा झोपली होती. नाव तिचं गोड होतं, पण ते फक्त हजेरीत.

तेवढ्यात आरोग्याच्या साहेबांचा फोन वाजला.

भोंगाने डोळे उघडले, अनोळखी तीन माणसं पाहिली आणि सूर लावला. तिच्यामागे शेजारचा, त्याच्यामागे खिडकीजवळची जुळी, आणि बघता बघता सगळी खोली. साहेब फोन बंद करायच्या नादात एका उशीवर पडले. हिशेबनिसाची तर पाचावर धारण बसली.

आत्याने घाई केली नाही. तिने एकेक मूल उचललं आणि तिन्ही अधिकाऱ्यांच्या हातात दिलं. "घ्या," ती म्हणाली. "मला दोनच हात आहेत."

शिक्षणाच्या बाईंनी हातातल्या मुलाला अंक म्हणून दाखवायला सुरुवात केली; ते आणखी रडलं. आरोग्याच्या साहेबांनी कपाळाला हात लावून ताप नसल्याची खात्री केली आणि पुढे काय ते त्यांना सुचेना. कामगार साहेबांच्या वाट्याला भोंगा आली होती. ते तिची पाठ थोपटत होते.

"अहो, दार वाजवताय का?" आत्या म्हणाली. "हळू. आणि श्वास घ्या आधी."

मग ती मधोमध बसली. एक मूल खांद्यावर, एक मांडीवर, तिसऱ्याची गादी पायाने हलवत, ना चाल ना शब्द असं काहीतरी गुणगुणत राहिली. एकेक आवाज विझत गेला. खोली पुन्हा चिडीचूप झाली तेव्हा कामगार साहेबांचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता.

"याला काम नाही म्हणायचं, तर कशाला म्हणायचं?" ते म्हणाले, आणि या खेपेला त्यांना कुजबुजणं जमलं. "ही वेळ आमची."

शिक्षणाच्या बाईंना ते पटलं नाही. लय, सूर, अनुकरण, हे सगळं शिक्षणच. आरोग्याचे साहेब उशी छातीशी धरून म्हणाले की मूल वाढतं ते झोपेतच. हिशेबनिसाचा भांड्यात पडलेला जीव पुन्हा बाहेर आला. एका वेळेवर तीन दावे म्हणजे अहवाल परत. मघापर्यंत ही वेळ कोणालाच नको होती. आता सगळ्यांनाच हवी होती, आणि दोन्हीचं फळ एकच.

जन्मात प्रथमच तो अधिकाऱ्यांच्या मध्ये बोलला. "झोपवणं शिक्षणाचं," तो म्हणाला, "झोप आरोग्याची, उठवणं कामगार खात्याचं."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. शिक्षणाच्या बाईंनी पेन मागितलं.

"आणि जी झोपतच नाही, ती कोणाची?" आत्याने विचारलं. कामगार साहेबांच्या खांद्यावरून भोंगा टक्क डोळ्यांनी सगळ्यांकडे बघत होती. भोंगाला आत्याने परत घेतलं, तिघांनी सह्या केल्या आणि बूट हातात धरून फाटकापर्यंत चवड्यांवर चालत गेले.

हिशेबनीस दाराशी थांबला. आता सांगायला हरकत नव्हती, म्हणून तो म्हणाला, "आत्या, तुझी नेमणूक जाणार होती."

"ठाऊक आहे. आठवडाभर ताटात बोटं फिरवतोयस, मला काय दिसत नाही? म्हटलं, बाळ्या सांगेल तेव्हा सांगेल."

भोंगा एका खांद्यावर होती. रिकाम्या हाताने आत्या त्याची पाठ थोपटू लागली, सवयीने. अहवाल पाचच्या आत पोचवायचा होता. बाळ्याला जांभई आली.