माझा आकडा दुसरीच्या अंगावर

मित्रांनो, मी एक जुनी, लांबलचक बॉनेटची मोटार आहे. एके काळी मी रस्त्यावर आले की सायकलवाले पाय टेकून बघत राहायचे. आज मी एका गॅरेजच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली उभी आहे. माझ्यात इंजिन नाही. मी कोण, हे दाखवायला जवळ पुरावाही उरला नाही, म्हणून तोंडानेच सांगते.

माझा सांगाडा सुतारांनी केला, पत्रा कारागिरांनी हातोडीने ठोकून बसवला. शेवटी इंजिनावर एक आकडा उमटवला आणि तोच आकडा एका पितळी पट्टीवर कोरून ती पट्टी माझ्या अंगावर बसवली. आमच्यासारख्या गाड्यांचा हाच जन्मदाखला. दोन्हीकडचा आकडा एकच असला, तरच ती गाडी अस्सल.

पहिली सतरा वर्षं मी एका गिरणीमालकाकडे थाटात काढली. पुढे नवरानवरींना मिरवायला भाड्याने जाऊ लागले. एका ड्रायव्हरने मला भिंतीवर घातलं, तेव्हापासून माझं डावं दार नीट बसत नाही. मग मी एका वखारीत पडले. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. पण खोटं कशाला बोलू, त्या कोंबड्यांनी माझं काहीही उचकटून नेलं नाही.

तिथे मला एका दातांच्या डॉक्टरांनी पाहिलं. ते आणि त्यांचे मिस्त्री, दोघांनी मिळून नऊ वर्षं मला घडवलं. दर रविवारी डॉक्टर दवाखान्यातल्या बारीक आकड्या आणून माझ्या कार्ब्युरेटरची भोकं साफ करायचे. "आ करा," असं मला म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. मिस्त्री तर मला तळहाताच्या फोडासारखं जपत. मीही दोघांना जीव लावला. तीच माझी चूक.

जुन्या गाड्यांच्या क्लबात दरवर्षी स्पर्धा असते. मी दोनदा दुसरी आले. दोन्ही वेळा दारापायी गुण गेले.

"डॉक्टर, चासीच जरा तिरकी झालीय," मिस्त्री म्हणाले. "चालायचंच. या वयात आपले तरी गुडघे कुठे धड आहेत?"

डॉक्टर हसले नाहीत. त्यांना पहिला नंबर हवा होता. काही महिन्यांनी ते माझ्याच कंपनीची, माझ्याच सालातली दुसरी गाडी घेऊन आले. अंगाने देखणी, पण इंजिन निकामी आणि पट्टी गायब. मला वाटलं, सोबत झाली. मी मनातल्या मनात तिला जागासुद्धा करून दिली.

पुढच्याच रविवारी त्यांनी साखळी लावून माझं इंजिन उचललं आणि तिच्यात बसवलं. मग डॉक्टर माझ्या पट्टीचे स्क्रू काढू लागले.

"पट्टी राहू द्या हो," मिस्त्री म्हणाले. "तिची ओळख आहे ती."

"लोखंडाला कसली ओळख? आणि मिस्त्री, बक्षिसाच्या ढालीवर गाडी दुरुस्त करणाऱ्याचंही नाव कोरतात. कधी तुमचं नाव यावं असं वाटत नाही?"

मिस्त्री खाली वाकले. त्यांनी दुसऱ्या बाजूचे स्क्रू काढले.

स्पर्धेआधी क्लबाच्या परीक्षक बाई घरी येऊन गाड्या तपासतात. त्या टॉर्च आणि दांडीचा आरसा घेऊन आल्या. त्या दुसरीचे आकडे दोनदा ताडून पाहिले. मग त्यांनी माझी ताडपत्री उचलली.

"ही कोणती?"

"ही होय? सुट्या भागांसाठी ठेवलीय," डॉक्टर म्हणाले.

सुट्या भागांसाठी! नऊ वर्षं ज्यांच्या हाताखाली मी उभी राहिले, त्यांच्या तोंडून हे ऐकलं आणि माझ्या टायरांतली उरलीसुरली हवाही गेली. बाईंना मात्र शंका आली. दुसरीच्या पट्टीवर टॉर्च रोखून त्या मिस्त्रींकडे वळल्या.

"तुम्ही सांगा. तुमच्या हाताखालची गाडी आहे. हा आकडा याच गाडीचा ना?"

माझी सगळी आशा त्या एका माणसावर होती. मिस्त्री फडक्याने हात पुसत राहिले. हात कधीचेच स्वच्छ झाले होते.

"हो बाई," ते म्हणाले. "हिचाच आहे."

केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. ती पहिली आली. डॉक्टरांनी माइकवर तिची म्हणून माझीच कहाणी सांगितली, गिरणीमालकापासून कोंबड्यांपर्यंत. लोक हसले, टाळ्या पडल्या. घरी आल्यावर त्याचं चित्रण त्यांनी माझ्यासमोरच चारचारदा लावून पाहिलं.

परवा मिस्त्री एकटेच आले. ताडपत्री सारून त्यांनी माझ्या बॉनेटवर हात ठेवला.

"चुकलं माझं," ते म्हणाले.  मी विरघळले, खरंच सांगते. मग त्यांनी दार उघडलं, आत बसले आणि खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढून माझं डॅशबोर्डवरचं घड्याळ सोडवायला घेतलं.

"तिचं बंद पडलंय गं," ते म्हणाले.

मित्रांनो, जुन्या वस्तूला पुसणारे, तेल घालणारे पुष्कळ मिळतात. पण कुणी विचारायला आलं की तिच्या बाजूने खरं बोलणारं एक माणूस लागतं. मला ते मिळालं नाही. तुमच्या घरात माझ्यासारखं कुणी असेल, तर तुम्ही ते माणूस व्हा.