अफाफची टोपली

मिदहत दुकानाच्या दारात येऊन उभा राहिला, तेव्हा फिक्री खुर्चीच्या पाठीला सरस लावत होता. मिदहत म्हणजे त्याचा मेहुणा. इस्पितळातून तो चालतच आला होता. त्याच्या बुटांवर धूळ होती.

"उस्ता," तो म्हणाला, "बहीण गेली."

फिक्रीने पाठ खाचेत बसवली आणि दोन्ही हातांनी दाबून धरली.

"सरस लावून झालाय," तो म्हणाला.

लाकूड आवळायचा शिकंजा हाताशी होता, पण फिक्रीने तो घेतला नाही. सरस धरेपर्यंत तो सांधा हातांनीच दाबून उभा राहिला, आणि तेवढा वेळ मिदहतही उभा राहिला. मग फिक्रीने हात पुसले, दिवा बंद केला आणि दोघे निघाले. पुढे नातेवाइकांत बोलणं झालं की बायको गेल्याचं कळलं तरी हा माणूस काम करत होता. ते फिक्रीच्या कानावर आलं.

त्याच्या बायकोचं, अफाफचं, पित्ताशयाचं साधं ऑपरेशन होतं. गुरुवारी घरी सोडणार होते.

त्याच दिवशी अस्रच्या, म्हणजे दुपारच्या, नमाजनंतर दफन झालं. घरी परतल्यावर त्याला जिन्यात नऊ मुलं बसलेली दिसली. मांडीवर वह्या होत्या. चार वाजून गेले होते, वर्गाची वेळ झाली होती आणि त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. समोरच्या उम्म शरीफने त्यांना हाताला धरून खाली नेलं. तिची नात हनीन सगळ्यांच्या मागे होती. ती जाताना वळून वळून दाराकडे बघत होती.

इजिप्तमधल्या या दमिएत्तामध्ये दर तिसऱ्या घराखाली सुतारकामाचं दुकान असतं, तसं फिक्रीच्याही घराखाली होतं. खाली तो सोनेरी नक्षीच्या खुर्च्या आणि पलंग करायचा, वर अफाफ पाच-सहा वर्षांच्या मुलांना इंग्रजी शिकवायची. शाळेतून निवृत्त झाल्यावर तिने हा वर्ग सुरू केला होता. मुलगा हातिम कुवेतला गेल्यावर त्याची खोली रिकामीच होती.

वर्गासाठी ती फिक्रीकडून लाकडाची खेळणी करून घ्यायची. बदक, गाढव, गाडी, घर. पण मागणी विचित्र असायची. बदकाला एकच पाय ठेव. गाडीला तीनच चाकं लाव. कपाला कान नको. घराला छप्पर हवं, खिडक्या हव्यात, दार नको. फिक्रीला ते अपमानास्पद वाटायचं. त्याच्या हातून गेलेल्या खुर्चीचा पाय तीस वर्षांत कधी हलला नव्हता, आणि इथे बायको त्याला मुद्दाम तीन पायांची खुर्ची करायला सांगत होती.

"लोक काय म्हणतील?" त्याने एकदा विचारलं होतं. "उस्ता फिक्रीला चार मोजता येत नाहीत?"

"तुझ्या खुर्च्या बसायला असतात," ती म्हणाली होती. "माझ्या बोलायला असतात. सांगितलं तेवढं कर."

तिला थट्टेची सवय होती. ही पण थट्टाच, असं समजून त्याने करून दिलं होतं. मग दुपारी चारनंतर डोक्यावरच्या लाकडी तक्तपोशीतून आवाज यायचा. काहीतरी धपकन पडायचं, क्षणभर शांतता, आणि नऊ मुलं एकदम ओरडायला लागायची. नो, नो. मग हसण्याचा कल्लोळ. फिक्रीला इंग्रजी येत नव्हतं, पण 'नो' सगळ्या जगाला कळतं. मुलं आपल्या कामाला हसतात, हे तो सतरा वर्षं खाली बसून ऐकत आला होता. ते त्याने तिला कधी बोलून दाखवलं नाही.

सांत्वनाचे तीन दिवस बायका वर बसल्या, पुरुष गल्लीतल्या मांडवात. बिनसाखरेची कॉफी फिरत राहिली. तिसऱ्या दिवशी फिक्री काहीतरी आणायला वर गेला, तेव्हा एक पाहुणी कोपऱ्यातल्या खेळण्यांच्या लाल टोपलीतली छोटी खुर्ची हातात घेऊन बघत होती.

"पोरांनी मोडली वाटतं," ती म्हणाली.

फिक्रीचे कान तापले. मांडव उतरला त्या दिवशी तो टोपली खाली घेऊन आला.

टोपलीत चौदा वस्तू होत्या. दुसरं कोणतंही काम त्याने चाळीस दिवस घेतलं नाही. बदकाला दुसरा पाय दिला, गाडीला चौथं चाक, घराला बिजागरीचं दार. नुसतं जोडून भागणार नव्हतं. जुन्या लाकडावर मुलांच्या हातांचा रंग चढला होता, म्हणून त्याने नवं लाकूड चहाच्या पाण्यात मुरवलं. लाकडाची नस नसेला जुळवली, काचकागद फिरवला, पॉलिश चढवलं आणि मुलांनी घासावं तसं चिंधीने घासून ते परत उतरवलं. अख्ख्या गल्लीतल्या कुठल्याही उस्ताने भिंग लावलं असतं तरी सांधा दिसला नसता. अफाफसाठी एवढं नीट काम त्याने ती असताना केलं नव्हतं. त्या दिवसांत हात चालत होते. डोकं कुठे होतं ते त्याला सांगता आलं नसतं.

चाळिसावा झाल्यावर नग़म आली. ती बावीस वर्षांची, लहानपणी अफाफकडे शिकलेली, आता शिक्षिका होण्याच्या शेवटच्या वर्षाला होती. वर्ग मी चालवते, म्हणाली. मुलांच्या आयांनी एक महिना थांबायचं कबूल केलं. नाहीतर स्टेशनजवळ नवं शिकवणी केंद्र निघालं होतं. तिथे भिंतीवर पडदा होता, मुलांना गणवेश होता. उम्म शरीफने फिक्रीला तोंडावरच सांगितलं की माझी नात सहा महिने मिस अफाफकडे आली आणि इंग्रजीचा एक शब्द तिच्या तोंडातून निघाला नाही. मिसने थांबायला सांगितलं म्हणून मी थांबले, आता कुणाच्या सांगण्यावरून थांबू?

फिक्रीला त्या बाईचा राग आला नाही. अफाफचं म्हणून या गल्लीत जे काही उरलं होतं, ते आठवड्यातून तीन दिवस, चार ते पाच, त्याच्या डोक्यावर भरायचं. ते बंद पडलं की झालं.

पहिल्या दिवशी त्याने टोपली स्वतः वर नेऊन ठेवली. बाजारातून मिशब्बिक मिठाईची परडीही आणून ठेवली, मुलांना गोड म्हणून. मग खाली येऊन चारची वाट बघत बसला.

वरून नग़मचा आवाज आला. मुलांचा आला नाही. नग़म विचारत होती, थांबत होती, पुन्हा विचारत होती. मध्येच सगळी मुलं एका सुरात एखादा शब्द म्हणत आणि गप्प होत. पाच वाजता ती रांगेने खाली उतरली. दुसऱ्या दिवशी तसंच झालं. पुढच्या आठवड्यात मुलं नऊची सात झाली.

त्या संध्याकाळी नग़म दुकानात आली. तिच्या एका हातात छोटी खुर्ची होती.

"अम्मो फिक्री, हिचा पाय कुणी बसवला?"

"मी. सगळंच नीट केलं." तो थांबला. "पोरं हसायची ना."

नग़मने भुशाची गोणी बाजूला सारली आणि ओट्यावर बसली.

"मिस या खुर्चीवर बाहुली बसवायच्या," ती म्हणाली. "बाहुली पडायची. मिस पुन्हा बसवायच्या, पुन्हा पडायची. मग त्या आमच्याकडे बघायच्या, आणि तोंडातून शब्द काढायच्या नाहीत. जणू त्यांना काही कळतच नाही. अम्मो, एवढी मोठी बाई, आणि तिला दिसत नाही की पाय नाहीये. आम्हाला राहवायचं नाही. सांगावंच लागायचं. आणि अरबीत सांगितलं की त्या कानावर हात ठेवायच्या, ऐकू आलं नाही म्हणून."

फिक्री खुर्चीकडे बघत होता.

"मी सात महिने गप्प होते," नग़म म्हणाली. "आई मला डॉक्टरकडे न्यायला निघाली होती. मिसनी एकदाही मला 'बोल' म्हटलं नाही. रोज फक्त ते बिनकानाचं गाढव माझ्यासमोर आणून ठेवायच्या आणि त्याच्या कानात गुपित सांगायला बघायच्या. कान शोधायच्या. एके दिवशी मी उठून ओरडले. काय ओरडले ते चूकच होतं, पण मिसनी ते डोक्यावर घेतलं." ती जरा हसली. "आता मी विचारते, हे काय आहे, हे काय आहे. त्यांना माहीत आहे की मला माहीत आहे. मग कशाला सांगतील?"

ती गेल्यावर फिक्रीने खुर्ची समोर ओढली. सात महिने. रोज तेच गाढव, रोज तोच न कळल्याचा आव, आणि वर्ग सुटला की त्याची थट्टा करायला पुन्हा मोकळी. खुर्चीची पाठ जुळायला त्याला पाऊण तास पुरायचा, आणि तेवढ्याने आपण धीराचे, असं तो समजत आला होता.

त्याने करवत काढली. चांगला बसलेला पाय स्वतःच्या हाताने कापायची त्याला सवय नव्हती. दोन वेळा त्याने पातं टेकवून उचललं. तिसऱ्यांदा कापलं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता त्याने रंध्याचं यंत्र बंद ठेवलं. वर धपकन काहीतरी पडलं. शांतता. पुन्हा पडलं. पुन्हा शांतता, आधीपेक्षा लांब. नग़म थांबली होती. पोरगी थांबायला शिकली होती. मग एक आवाज आला, बारीक, एकटा, रागावलेला. त्याच्यामागून बाकीचे सगळे.

संध्याकाळी उम्म शरीफ जिन्यात भेटली. मुलाच्या नावाने हाक मारून ती तक्रारीच्या सुरात बोलली, पण जागची हलेना.

"अबू हातिम, काय शिकवता तुम्ही पोरीला? जेवायला बसले तर पातेल्यावर झाकण नव्हतं. तर ही बया झाकण ठेवेपर्यंत मला जेवू देईना. इंग्रजीत. मला काय कळतंय ती काय बोलते ते."

"हनीन?"

"नाहीतर कोण, मी?"

केंद्राचं तिने नाव काढलं नाही. महिना संपला तेव्हा मुलं दहा होती.

फिक्री आता एकेक वस्तू खाली आणतो आणि मोडतो. बदकाचा पाय काढला. चाक काढलं, दार काढलं, गाढवाचे कान उतरवले. अफाफने जे जसं मागितलं होतं, ते त्याला तिच्या शब्दांसकट आठवत होतं, त्यामुळे तेरा वस्तूंना अडचण आली नाही.

चौदावा एक पलंग आहे, तळहाताएवढा. त्याला चारही पाय आहेत, उशाकडची फळी आहे, पायथ्याची आहे. फिक्री तो खिडकीशी नेऊन उजेडात फिरवतो, डोळे मिटून अंगठा फिरवून बघतो. स्वतःच जोडलेला सांधा त्याला लागत नाही. नग़मला विचारलं, पण पलंग तिच्या वेळचा नव्हता. मुलांना विचारलं, तर प्रत्येकाने वेगळं सांगितलं.

त्या पलंगात काय कमी होतं, ते त्याला अजून सापडलेलं नाही.