पाणकणसातली बगळी

आमच्या कारखान्यात लाकडी पक्ष्यांना डोळे बसवायचा मान बाबांचा. लाकूड तासायचं मी, रंग द्यायचा मी, पाय ठोकायचे मी, आणि शेवटी काचेचे दोन मणी चिकटवून पक्षी जिवंत केला म्हणून मिरवायचं त्यांनी. आयत्या बिळावर नागोबा, असं मी आईला म्हणायचे. बाबांना नाही.

तळ्याकाठच्या संग्रहालयाने बुटकी बगळी मागवली, तेव्हा मी हट्ट धरला की ही पहिल्यापासून शेवटपर्यंत माझी. बाबा म्हणाले, ठीक आहे, पण तिथल्या व्यवस्थापकांनी परत पाठवली तर पुन्हा डोळ्यांना हात लावायचा नाही. मी हो म्हटलं. माझ्या हाताबद्दल मला कधीच शंका नव्हती.

ही बगळी जेमतेम कबुतराएवढी. पांढऱ्या बगळ्यासारखी उघड्यावर मिरवत नाही. दाट पाणकणसात एका पायाने एक दांडा, दुसऱ्याने दुसरा धरून चढते आणि मान खांद्यात ओढून माशाची वाट बघते. चाहूल लागली तर सहसा उडत नाही. चोच आभाळाकडे करून ताठ होते. गळ्यावरच्या तपकिरी रेघा देठांत मिसळून जातात. वाऱ्याने पाणकणीस डोललं की तीही डोलते. चिखलात बसून बसून मी हे सगळं पाहिलं. आणखी एक पाहिलं. चोच वर असली तरी तिचे पिवळे डोळे चोचीच्या खालून समोर बघत होते, थेट माझ्याकडे.

तिचे डोळे तसेच बसवणार म्हटल्यावर बाबा हसले. पक्ष्याचे डोळे बाजूला असतात, तिरळी करशील बिचारीला, म्हणाले. मग मी त्यांना बगळी दाखवलीच नाही.

संग्रहालयाच्या काचेच्या कपाटात मी सुकवलेलं पाणकणीस उभं केलं आणि मधोमध तिला. व्यवस्थापक आले, त्यांनी नीट पाहिलं आणि विचारलं, पक्षी कधी आणणार? मी बोट दाखवलं. ते काही खूश झाले नाहीत. लोक इथे गवत बघायला येत नाहीत, पंख पसरून पुढे ठेवा, नाहीतर परत न्या. मी म्हटलं, मग ती बगळी राहणार नाही, कोंबडी होईल. शेवटी त्यांनी बाबांना बोलावलं. ते म्हणतील ते शेवटचं.

बाबा काचेसमोर उभे राहिले. डावीकडे वाकले, उजवीकडे वाकले, चष्मा पुसला.

"अजून आत ठेवली नाहीस?"

"ठेवली आहे."

बोट दाखवणं सोपं होतं. पण व्यवस्थापकांसमोर मी दाखवलेलं बाबांना आयुष्यभर खुपलं असतं, आणि खरं सांगायचं तर मलाही ते नको होतं. त्यांचे कान लाल झाले. त्यांनी नाक काचेला लावलं आणि एकदम स्तब्ध झाले. व्यवस्थापक काही बोलणार, तेवढ्यात बाबांनी हात वर केला.

"हलवायची नाही," ते म्हणाले. "लोकांना शोधू दे."

मग माझ्याकडे न वळता त्यांनी हळूच विचारलं, "किती वेळ बघतेय गं ही माझ्याकडे?"

"तुम्ही दारातून आत आलात तेव्हापासून."