ग्राहकाची प्रत

"या एकशे चाळीस फोटोंत तुम्ही कुठे आहात?" व्हिसा कचेरीत खिडकीपलीकडच्या बाईंनी विचारलं.

लिफ्टच्या मिस्त्रीने मान पुढे करून पाहिलं. फोटो सगळे लेकीचेच होते. झोपाळ्यावर, सायकलवर, पडलेला दात तळहातावर घेऊन. "मी कॅमेऱ्यामागे आहे," तो म्हणाला. मग एका फोटोच्या कोपऱ्यातल्या धूसर डागावर बोट ठेवून त्याने पुरवणी जोडली, "हा अंगठा मात्र माझा."

बाईंनी अंगठ्याची दखल घेतली नाही.

मिस्त्री दहा वर्षांपूर्वी या देशात आला तो इथल्या मुलीचा नवरा म्हणून. दोन वर्षांपूर्वी नवरेपण गेलं, तेव्हा कायद्याने त्याला शेजारचं दार दाखवलं: इथल्या लेकराचा बाप म्हणून राहता येईल. पण बाप नुसता असून भागत नाही, तो चालू स्थितीत आहे हे सिद्ध करावं लागतं. त्याची मुदत आज पाचला संपत होती. नाही जमलं तर महिन्याभरात देश सोडायचा. मिस्त्री तसा निवांत होता. पंचवीस वर्षं अडकलेल्यांना बाहेर काढणाऱ्याला एवढ्याने घाम फुटत नाही.

"तुमच्या लिफ्टचा दरवाजा दोनदा बंद होतोय," त्याने बाईंना सांगितलं. "आज-उद्या कुणीतरी आत राहणार."

"विषयावर या."

शेजारच्या खुर्चीत त्याची माजी बायको बसली होती. सहीसाठी अर्धा दिवस रजा टाकून आली होती. तिने पत्रही दिलं होतं: 'बाप म्हणून उत्तम. नवरा म्हणून विचारू नये, ही विनंती.'

"पत्र वाचलं," बाई म्हणाल्या. "पण माणसाला घालवायला खोटं लिहिणाऱ्या असतात, तशा ठेवायला लिहिणाऱ्याही असतात. तुम्ही मुलीला नियमित भेटता, याचा दुसरा काही पुरावा? शाळेचा?"

"शाळेत दर महिन्याला जातो. तिथली लिफ्ट माझ्याचकडे आहे."

बाईंनी पेनाचं टोपण लावलं. हे लक्षण बरं नव्हतं.

"अरे, कार्डं दाखव ना," माजी बायको म्हणाली.

आता मात्र मिस्त्रीचा चेहरा उतरला. "गप्प बस. ती कंपनीची छापील कार्डं आहेत. घरगुती कामाला वापरली म्हणून साहेब नोकरीवरून काढेल."

"देशातूनच काढलं तर ती नोकरी काय लोणच्यात घालणार आहेस?"

असं म्हणून तिने पर्स उघडली आणि केसांच्या रबराने बांधलेला गुलाबी कागदांचा गठ्ठा खिडकीतून आत सरकवला. "लेकीच्या गादीखाली होते. सकाळी स्वतः मोजून दिलेत. परत हवेत म्हणाली, आधीच सांगून ठेवते."

मिस्त्रीच्या धंद्यात रीत अशी, की काम झालं की कार्ड भरायचं. तारीख, तक्रार, केलेलं काम, पुढची तपासणी, दोघांच्या सह्या. पांढरी प्रत कारागिराची, खालची गुलाबी ग्राहकाची. घर फुटलं तेव्हा लेक सात वर्षांची होती. पहिल्याच शनिवारी निघताना तिने विचारलं, "पुढच्या शनिवारी येशील कशावरून?" मिस्त्रीने बरंच समजावलं, पोरगी काही हलेना. शेवटी त्याने पिशवीतून कार्ड काढलं आणि तिची सही घेतली. तेव्हापासून दर शनिवारी कार्ड. पण या गुलाबी प्रती ती जपून ठेवते, हे त्यालाही आजच कळत होतं.

बाई वाचू लागल्या. "तक्रार, सायकलची चेन पडते. काम, चेन बसवून तेल दिलं. तक्रार, गणित. काम, तात्पुरती दुरुस्ती, पुन्हा बिघाड संभवतो. तक्रार, आईवर रुसली आहे. काम, फोन लावून दिला." पानं उलटता उलटता त्यांचं बोट थांबलं. "इथे तुमची सही नाही."

मिस्त्रीला ती ओळ पाठ होती. पोरीच्या मोठाल्या अक्षरांत लिहिलं होतं: 'कारागीर आला नाही.'

"त्या शनिवारी आलो नाही," तो म्हणाला. "इस्पितळाच्या लिफ्टमध्ये चौघं अडकली होती. नेमकी त्याच दिवशी लेक फुग्याशिवाय पहिल्यांदा पोहली. मी नव्हतो. पुढच्या आठवड्यात तिने आधी ती ओळ भरली, मग जेवली."

बाईंनी शेवटचा रकाना वाचला. 'कारण: लिफ्टमध्ये चार माणसं. कारण मान्य नाही.'

मग बाईंनी शिक्क्याची पेटी ओढली.

"बनावट कागदांतला बाप कधी चुकत नाही," त्या म्हणाल्या. "दर शनिवारी हजर असतो." शिक्का बसला. "मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत. आणि ते लिफ्टचं मला लेखी द्या."

उतरताना दोघांनी जिनाच धरला.

"नऊ वर्षं," माजी बायको म्हणाली. "लग्नापेक्षा एक जास्तच. सुटलास बाबा!"

"आणि तू अडकलीस."

ती हसली, बरीच जुनी ओळख असल्यासारखी.

शनिवारी लेक आली. आल्या आल्या तिने गठ्ठा मोजून ताब्यात घेतला. संध्याकाळी मिस्त्रीने नवं कार्ड काढलं. तक्रार काही नव्हती. तिने सही केली. पूर्वी तिची सही रकान्याबाहेर सांडायची. आता एका झटक्यात होते, खाली रेघसुद्धा येते.

"बाबा, पुढच्या शनिवारी मला नाही जमणार. आम्ही मैत्रिणी पोहायला जाणार आहोत."

"मी येऊ सोडायला?"

"नको. कुणाचेच बाबा येत नाहीयेत."

मिस्त्रीने खालच्या ओळीत पुढची तारीख घातली आणि लिहिलं: 'ग्राहक उपलब्ध नाही.'

लेक त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होती. "आणि कारण?"

त्याने गुलाबी कागदावर नीट उमटावं म्हणून पेन जरा दाबून धरलं. 'कारण मान्य,' त्याने लिहिलं, सही केली आणि तिची प्रत फाडून तिच्या हातात दिली.