‘नितळ कांती’च्या बाटलीची मागची बाजू

मित्रांनो, मी गोळ्यांची एक जुनी बाटली आहे. माझ्या पोटावर सोनेरी अक्षरांत ‘नितळ कांती’ असे लिहिले आहे. मागे मुंगीएवढ्या अक्षरांतही काही आहे, पण तिकडे कोण बघतो?

कारखान्यातून मी पूर्णा गावातल्या गोदामात आले. तिथे अंबाडी गावाकडची वैशाली खोकी बांधायची. आमचा माल रोज टेम्पो भरभरून जाताना बघून तिला वाटे, एवढे लोक मागवतात म्हणजे गुण येतच असणार. मलाही तसेच वाटे; माझा तोरा काय कमी होता! तिच्या आईच्या, मैनाबाईंच्या हातावर फिकट चट्टा उठला होता. म्हणून तिने मला विकत घेतले.

लेकीने आणलेली गोळी मैनाबाई कपाळाला लावून मगच गिळत. चट्टा मात्र पसरतच गेला. एकदा भाकरी उलटताना त्यांची करंगळी तव्याला टेकून राहिली. फोड आला, तरी त्यांना कळले नाही.

“बघ गो बाय,” त्या हसून म्हणाल्या, “तुझ्या गोल्यांनी हात दुखायचाबी थांबला. चटका पन लागत न्हाय.”

वैशाली खूश झाली. माझ्या गोळ्यांत हात बधिर करणारे काहीच नव्हते, हे मला ठाऊक होते. फळीवर बसून मी नुसती तळमळत राहिले.

दिवाळीनंतर वैशालीची ड्युटी मागच्या शेडमध्ये, परत आलेल्या मालावर लागली. तिथे माझ्या बहिणींचा ढीग पडला होता. त्या संध्याकाळी तिने मला प्रथमच फिरवून वाचले: ‘हे औषध नाही.’

दुसऱ्या दिवशी ती आईला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी चट्ट्यावर कापूस फिरवला; मैनाबाईंना तो जाणवला नाही. कुष्ठरोग निघाला. औषध फुकट मिळेल, रोग बराही होईल, पण वाकू लागलेली करंगळी सरळ होईलच असे नाही, असे बाई म्हणाल्या. आधी यायला हवे होते.

“आय,” घरी आल्यावर वैशाली रडत म्हणाली, “मी माल जाताना बगला. परत येताना न्हाय बगला.”

मैनाबाईंनी तिला जवळ घेतले.

आता माझ्यात मोहरी असते. फोडणीच्या वेळी मैनाबाई माझे झाकण उघडतात, तेव्हा ती करंगळी वाकडीच राहते. मला फार वाईट वाटते.

मित्रांनो, अंगावर चट्टा दिसला तर आधी दवाखाना गाठा. आणि माझ्यासारखी बाटली घरी आलीच, तर तिला हातात घेऊन मागचेही वाचा. मला स्वतःहून वळता येत नाही.