उसन्या प्रोसेसरची शेवटची खेप

मी एक प्रोसेसर बोलतोय, पण उसना. बगदादच्या सिनाआ रस्त्यावर सबरी उस्तादच्या दुकानात, चहाच्या पत्र्याच्या डब्यात, कापसावर माझं बिऱ्हाड आहे. पोटाखाली तेराशेच्या वर पाय आहेत, सगळे केसासारखे बारीक. त्यातला एक मोडला तरी मी कामातून गेलो.

माझा जन्म परमुलखातला. पहिली चार वर्षं एका वकिलाच्या टेबलाखाली इमानेइतबारे काम केलं. मग त्याने नवा प्रोसेसर घेतला आणि मला सबरीकडे टाकलं. मला वाटलं, झालो अडगळ. पण सबरीने माझी किंमत ओळखली.

त्याचं असं आहे, की मदरबोर्ड कारखान्यातून निघतो तेव्हा त्याला त्या काळापुरतीच बाराखडी शिकवलेली असते. तिला फर्मवेअर म्हणतात. मागाहून जन्मलेला प्रोसेसर बसवला, तर बोर्ड त्याला ओळखतच नाही. पंखे फिरतात आणि पडदा मात्र काळाच राहतो. अशा वेळी आधी माझ्यासारखा ओळखीचा म्हातारा बसवायचा, बोर्डाला जागं करायचं, नवी बाराखडी शिकवायची, आणि मग म्हाताऱ्याला काढून नव्याला बसवायचं. असे शेकडो बोर्ड मी उठवले. दर वेळी मी अर्ध्या तासाचा पाहुणा. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

ऑगस्टमधल्या एका गुरुवारी रफीफ दुकानात आली. घरांचे नकाशे काढणारी मुलगी. अर्बीलच्या एका कचेरीने तिला काम देऊ केलं होतं. ताकदीचा कॉम्प्युटर असेल तर रविवारपासून घरी बसून कर, नाही तर अर्बीलला येऊन राहा, अशी अट होती. तिच्या आईला, उम्म रफीफला, या लेकीशिवाय कोणी नव्हतं. कॉम्प्युटरचे सगळे भाग जमले होते, पण बोर्ड नव्या प्रोसेसरला ओळखेना.

"उद्या शुक्रवार, दुकान बंद," सबरी म्हणाला. "याला घरी ने. पण जपून हं पोरी, हा माझा उजवा हात आहे."

शुक्रवारी दुपारी रफीफने मला बसवलं. बोर्ड उठला. पडद्यावर पांढरी पट्टी सरकू लागली, खाली इशारा होता: वीज बंद करू नका. मध्येच वीज गेली, तर बोर्ड जुनंही विसरतो आणि नवंही शिकत नाही. मग तो नुसता दगड. घरातली बॅटरी उन्हाळ्याने केव्हाच बसली होती. सगळी भिस्त गल्लीतल्या जनरेटरवर.

पट्टी तिशीत असताना गल्लीत आरोळी उठली, "वतनिया आली!" वतनिया म्हणजे सरकारी वीज. ती आली की इथल्या माणसाचा हात आपसूक खटक्याकडे जातो. जनरेटर सोडायचा, वतनिया घ्यायची आणि एसी लावायचा. उम्म रफीफचाही हात गेला.

"आई, हात काढ!"

"अगं, सकाळपासून उकडून निघालेय मी!"

"खटका फिरवताना क्षणभर वीज जाईल. सगळं संपेल. मग अर्बील!"

तिने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. पण लगेच तिचा चेहरा उतरला. वतनिया आली की जनरेटरवाला अबू सरमद इंजिन बंद करतो. सगळी गल्ली वतनियावर गेल्यावर तेल कुणासाठी जाळायचं? तिने अबाया डोक्यावर ओढला आणि धावत सुटली.

तिथलं बोलणं तिने नंतर लेकीला सांगितलं.

"अबू सरमद, बंद करू नकोस! दहाच मिनिटं!"

"का बुवा? कालपर्यंत माझं इंजिन म्हणजे खोकणारं गाढव होतं ना?"

"आज त्याच गाढवाचे पाय धरायला आलेय. माझी लेक परगावी जाईल रे."

अबू सरमदने किटली उचलली. मग त्याने पेल्यात चहा ओतला. "हा संपेपर्यंत चालू ठेवतो. पुढचं माझ्या हातात नाही."

आणि तो भला माणूस चहा प्यायलाच नाही. नुसती फुंकर घालत बसला.

पट्टी शंभरावर पोहोचली. बोर्ड आपणहून बंद होऊन पुन्हा उठला. रफीफला हसू आणि रडू एकदमच आलं. त्याच भरात तिने कॉम्प्युटर बंद करून माझ्या डोक्यावरचा पंखा काढायला घेतला. तो आधी हलकेच फिरवून सैल करायचा असतो. तिने सरळ ओढला. आमच्या दोघांमध्ये उष्णतेसाठी लावलेल्या लेपाने त्याला चिकटलेला मी मुळासकट उपटून बाहेर आलो. काही पाय वाकले. एक तुटून टेबलावर पडला.

रविवारी कामाला बसण्याआधी ती दुकानात आली. सबरीने भिंग लावलं, पेन्सिलीच्या टोकाने वाकलेले पाय एकेक करून सरळ केले. तुटलेल्याला इलाज नव्हता.

"काका, नवा आणून देते," ती रडत म्हणाली.

"नवे ढीगभर मिळतात, पोरी. जुनाच मिळत नाही." मग त्याने विचारलं, "बोर्ड उठला ना?"

"उठला."

"मग जा. पहिल्याच दिवशी उशीर नको."

आता मी डब्यात नुसता पडून असतो. काल बसऱ्याहून एक शिक्षक न उठणारा बोर्ड घेऊन आला. सबरीला त्याला तसंच परत पाठवावं लागलं. फार लागलं मला ते. तुमच्या कपाटात माझा एखादा भाऊबंद पडला असेल, तर त्याला फेकू नका. ज्याचा बोर्ड उठत नाही, त्याला अर्धा तास द्या. आणि रफीफला कुणी बोल लावू नका.

इतके बोर्ड उठवले, पण मागे त्या घरांत काय झालं ते मला कधीच कळलं नव्हतं. आज दुपारी उम्म रफीफ खजुराच्या करंज्या घेऊन आली आणि सबरीशी भांडायलाच बसली.

"काय करून ठेवलंत हे, उस्ताद! पोरगी त्या खोक्यासमोरून हलत नाही. जेवायला दहा हाका माराव्या लागतात मला, दहा!"

मी डब्यातून ऐकत होतो. हाका मारायला लेक घरात आहे. आता मला निरोप द्या.